‘तालुका’ आणि घशातले वर्ण

दिवसातून किती वेळा आपण ‘तालुका’ म्हणतो, कोण जाणे! पण याचे मूळ अरबी रूप ‘तअल्लुक’, म्हणजे संबंध, अरबांसारखे म्हणायला सांगितले तर तुम्ही दोनदा अडाल. त्याच्या पोटात घशाकडचे दोन वर्ण आहेत, ‘ऐन’ आणि खोल ‘काफ’. मराठीने दोन्ही केव्हाच टाकून दिले.

आपला ‘क’ म्हणून पाहा. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला लागतो. व्याकरणाच्या परंपरेने याला कंठ्य म्हटले, ऋक्‌प्रातिशाख्याने जिव्हामूलीय. मला दुसरे नाव अधिक पटते. अरबीतला खोल ‘काफ’ याहून मागे, पडजिभेपाशी उमटतो. फरक बारीक खरा, पण चुकला तर पंचाईत! खोल ‘क’ने ‘कल्ब’ म्हटले तर हृदय, आपल्या ‘क’ने म्हटले तर कुत्रा. ‘ऐन’ त्याहूनही खालचा, घसा आवळून, आवाज चालू ठेवून काढायचा. बसऱ्याच्या अल्‌-खलीलने आठव्या शतकात अरबीचा कोश योजला, तो अलिफपासून नव्हे, ऐनपासून. घशातून निघून ओठांकडे यायचे, असा त्याचा क्रम. कोशाचे नावच मुळी ‘किताब अल्‌-ऐन’.

ज्यांच्या भाषेत हा वर्ण नव्हता त्यांनी काय केले? ग्रीकांनी फिनिशियन लोकांची लिपी घेतली. त्या लिपीत ‘ऐन’ म्हणजे डोळा, अक्षरही वाटोळे. ग्रीकांना तो वर्ण नको होता, म्हणून रिकामे अक्षर त्यांनी स्वराला देऊन टाकले. इंग्रजीचा वाटोळा ‘ओ’ तो हाच.

मराठी माणसाला मात्र टोमणा ऐकावा लागतो, की तुम्ही अरबी-फारसी शब्द अशुद्ध बोलता. अहो, हे शब्द आपल्याकडे आले ते बहुतेक फारसीच्या वाटेने, आणि अरबांचा ऐन इराण्यांच्याही घशाला कधी पेलला नाही. ‘इनाम’, ‘तालीम’, ‘अक्कल’, सगळ्यांची हीच कथा. तेहरानच्या बोलण्यात खोल ‘काफ’ आणि ‘गैन’ एकच होऊन बसले आहेत. इराणचे सोडा, खुद्द कैरोच्या बोलीत खोल ‘काफ’ बहुतेक शब्दांत नुसता घशातला झटका उरला आहे. कैरोवाल्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही!

आता पुन्हा एकदा ‘तालुका’ म्हणा. ऐन गेला, पण त्याच्या अलीकडचा ‘अ’ आणि पलीकडचा ‘अ’ एकमेकांना भिडले. आपला ‘ता’ दीर्घ झाला तो त्यामुळे.