काशीच्या घाटावरची प्रयोगशाळा

फेब्रुवारी २०२५मध्ये, महाकुंभ चालू असतानाच, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आला. प्रयागराजचे पाणी निरनिराळ्या वेळी स्नानाच्या निकषांत बसत नव्हते, असे त्यात नमूद होते. त्यावरून देशभर वाद पेटला. वादाचा गाभा होता ‘फीकल कोलिफॉर्म’, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू. १०० मिलिलिटर पाण्यात त्यांची संख्या २,५००च्या वर गेली, तर ते पाणी स्नानास अयोग्य मानले जाते. दोन्ही बाजूंनी आकडे पुढे आले. पण पाणी कोणी मोजावे आणि कोणाच्या मोजणीवर विसंबावे, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. या प्रश्नाचा एक जुना इतिहास प्रयागच्या खालच्या अंगाला, वाराणसीत घडला आहे.

काशी हिंदू विद्यापीठाची कोनशिला १९१६ साली बसली. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय हरिद्वारच्या गंगेसाठी सरकारशी वाटाघाटी करीत होते. कालव्यासाठी नदी बांधली, तरी हर की पौडीवरचा प्रवाह अखंड राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि सरकारला तो मान्य करावा लागला. विद्यापीठ आणि नदी यांचे नाते असे आरंभापासूनचे आहे.

विद्यापीठाचा परिसर शहराच्या दक्षिणेस आहे. काशीत गंगा उत्तरवाहिनी असल्यामुळे ती आधी या परिसराला स्पर्श करते आणि मग घाटांकडे वळते. या दोहोंच्या मधे अस्सी येऊन मिळते. एके काळची ही छोटी नदी पुढे सांडपाण्याचा नाला झाली. तिच्या खाली, तुळशी घाटाशेजारी, भदैनी येथे शहराच्या पिण्याच्या पाण्याचा उपसा होतो. शहराचे दुखणे समजण्यास एवढा भूगोल पुरेसा आहे.

याच तुळशी घाटावर वीरभद्र मिश्र राहत. ते संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि विद्यापीठात हायड्रॉलिक अभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. पहाटे गंगास्नान हा त्यांचा नेम, आणि वाहत्या पाण्याचे गणित हा त्यांचा व्यवसाय. विज्ञान आणि श्रद्धा हे नदीचे दोन काठ आहेत आणि दोन्ही शाबूत असल्याशिवाय नदी वाहत नाही, अशा आशयाचे ते बोलत. १९८२ साली सहकारी प्राध्यापकांना घेऊन त्यांनी संकटमोचन फाउंडेशनची स्थापना केली. पुढे घाटावरच त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि पाण्याचे नमुने नियमित तपासले जाऊ लागले.

१४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीच्याच राजेंद्र प्रसाद घाटावर गंगा कृती योजनेचा शुभारंभ केला. शहराच्या पलीकडे दीनापूरला रोज ८ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र झाले. घाटालगत उपसा केंद्रे झाली. तरीही घाटावरच्या प्रयोगशाळेचे आकडे खाली येईनात. त्याची कारणे अभियांत्रिकीतलीच होती. सांडपाणी पंपाने उचलून न्यायचे होते. वीज गेली की पंप थांबत आणि मैला थेट नदीत उतरे. पावसाळ्यात नदी चढली की उपसा केंद्रांचेच काम बंद पडे. शिवाय निवडलेली पद्धत पाण्यातला सेंद्रिय भार कमी करणारी होती. निर्जंतुकीकरणाची वेगळी जोड नसेल, तर विष्ठेतले जिवाणू तिने पुरेसे मरत नाहीत. आंघोळ करणाऱ्याला खरा धोका तर त्यांचाच.

मिश्र केवळ दोष दाखवून थांबले नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक विल्यम ऑस्वाल्ड यांच्या साहाय्याने त्यांनी पर्यायी आराखडा मांडला. घाटांच्या कडेने वाहिनी टाकून सांडपाणी उतारानेच शहराबाहेर न्यावे आणि तेथे तलावांच्या मालिकेत साठवावे. सूर्यप्रकाशात वाढणारे शेवाळ प्राणवायू पुरवते आणि तलावांतील दीर्घ मुक्कामात रोगजंतू मरतात. विजेची गरज अगदी थोडी, जागेची मात्र मोठी. महापालिकेने हा आराखडा उचलून धरला; पण तो केंद्र आणि राज्य यांच्या दारी वर्षानुवर्षे अडला. मार्च २०१३मध्ये मिश्र निवर्तले, तेव्हाही तो कागदावरच होता. पुढे नवी शुद्धीकरण केंद्रे झाली, पण ती यंत्रांवर चालणारी.

मग या साऱ्या खटाटोपाचे फलित काय? २०१०मध्ये गंगेच्या संपूर्ण खोऱ्याचा आराखडा करण्याचे काम केंद्राने मुंबई, कानपूरसह सात आयआयटींकडे सोपवले. विद्यापीठांना सल्ला विचारावा, हे सरकारला पटले. आराखडे पुन्हा होतील आणि काही पुन्हा अडतीलही. काशीने दिलेला धडा त्याहून साधा आहे. योजना स्वीकारावी की नाही, हे विद्यापीठाच्या हाती नसते. पाणी तपासून त्याची नोंद लोकांसमोर ठेवणे मात्र असते. योजना यशस्वी झाल्याची ग्वाही तिच्याच चालकाने द्यायची आणि तपासणारा दुसरा कोणी असू नये, तर पराभव झाल्याचे कळतही नाही. मिश्रांचा आराखडा हरला, पण त्यांची नोंदवही हरली नाही. वडिलांमागे महंतपदी आलेले विश्वंभरनाथ मिश्र, तेही आयआयटीतले प्राध्यापक, यांनी ती पुढे चालू ठेवली.

२०२७मध्ये नाशिकच्या रामकुंडावर सिंहस्थाचे स्नान आहे. पाण्याचा वाद तेव्हाही होईल. त्या दिवशीचा आकडा कोणत्याही यंत्रणेकडून मिळेल. त्याला अर्थ येतो तो आधीच्या शेकडो दिवसांच्या आकड्यांमुळे. गोदाकाठच्या महाविद्यालयांना त्यांची वही उघडायला आजचा दिवसही चालेल.