बिघाड शोधण्याची विद्या : समुद्री तारेपासून सायलेन्सरच्या झडपेपर्यंत

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका दिवसात दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी विकल्या गेल्या. उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन केलेली ही सुमारे ६५ कोटी रुपयांची खरेदी देशभर गाजली. तसे या शहराला वाहनांचे नावीन्य नव्हते. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला होता, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारींची जोडणी होत होती आणि पुढे तेथेच ऑडीच्या मोटारीही जोडल्या जाऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी मोटारींच्या किमती छापल्या, रंगही छापले. या मोटारी बिघडतील तेव्हा त्यांतला दोष कोण आणि कसा शोधणार, हा प्रश्न मात्र बातमीचा नव्हता. शिक्षकांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

उदाहरणादाखल अतिवेगवान मोटारींतील एक लहानसा भाग घेऊ : सायलेन्सरमधील उघडझाप करणारी झडप.

इंजिनातून धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो, म्हणून आवाज होतो. सायलेन्सर धुराला वळणे आणि कप्पे यांतून फिरवून तो आवाज जिरवतो. पण त्याच वळणांमुळे धुराच्या वाटेत अडथळाही येतो आणि भरधाव वेगात इंजिनाची थोडी ताकद वाया जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मोटारींत यावर एक रांगडा उपाय होता. चालक पायाने किंवा तारेने एक झाकण उघडी आणि धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. गावाबाहेर हे ठीक होते, पण गावातही लोक झाकण उघडेच ठेवत. त्यामुळे अमेरिकेतील अनेक शहरांना त्यावर बंदी घालावी लागली. (बुलेटचा सायलेन्सर बदलून रात्री गल्लीतून जाणाऱ्या तरुणांना आपण काही नवे करतो आहोत असे वाटत असेल, तर तो त्यांचा गैरसमज आहे.)

पुढे तीच कल्पना शहाण्या रूपात परत आली. यामाहा कंपनीने १९८७ च्या सुमारास मोटारसायकलच्या धूरनळीत विद्युत मोटरने फिरणारी झडप बसवली. मोटारींमध्ये आधी इंजिनाच्या शोषणाने ओढला जाणारा पडदा झडप हलवीत असे. नंतर त्याची जागा लहान विद्युत मोटरने घेतली. इंजिन सावकाश फिरत असताना झडप बंद राहते आणि आवाज दबतो. इंजिनाचे फेरे वाढले की झडप उघडते आणि धुराला मोकळी वाट मिळते. केव्हा उघडायचे ते संगणक ठरवतो. मोटरजवळच एक संवेदक असतो, तो झडप किती अंशांत आहे हे संगणकाला कळवतो. पुष्कळ रचनांत गाडी सुरू होताच झडप एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली जाते, जणू पहाटे उठून हातपाय ताणून पाहावेत तशी.

आता या बिचाऱ्या मोटरची जागा पाहा. ती गाडीच्या पोटाखाली, काही शे अंश तापणाऱ्या नळीशेजारी असते. पावसाळ्यात तिच्यावर चिखल उडतो, उन्हाळ्यात धूळ. तापणे आणि निवणे रोज चालू. जोडणीच्या टोपणात ओल शिरली की तांब्यावर हिरवट थर धरतो. म्हणून अशा गाडीत बिघाडाचा दिवा लागला, तर मोटर जळण्यापेक्षा जोडणी खराब होण्याची शंका आधी घ्यावी.

गॅरेजमधला तरुण कारागीर गाडीला तपासणी यंत्र जोडतो आणि यंत्र एक सांकेतिक क्रमांक दाखवते. गाडीने आपले दोष आपणच नोंदवावेत ही सक्ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून प्रदूषण रोखण्यासाठी केली. १९९६ पासून ती अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. भारतात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. हा क्रमांक फार उपयोगी असतो, पण तो लक्षण सांगतो, कारण नाही. ‘झडप अपेक्षित जागी पोहोचली नाही’ एवढेच संगणकाला कळते. मोटर जळाली, तार तुटली, जोडणी गंजली की झडपेचा दांडाच काजळीने अडकला, हे त्याला अनेकदा सांगता येत नाही. अडकलेली झडप तर विजेचा दोष मुळी नव्हेच; पण मोटर जोर लावते, प्रवाह वाढतो, संगणक तो तोडतो आणि नोंद होते विजेच्या दोषाची.

येथे घाई झाली की महागडी मोटर बदलली जाते आणि दिवा पुन्हा लागतो. दुसरा कारागीर शहाणा असतो. तो टोपण काढून मल्टिमीटरने व्होल्टता मोजतो. ती बॅटरीइतकीच, १२.६ व्होल्ट भरते. म्हणजे तारा ठीक, असे तो म्हणतो. त्याचीही फसगत होते. का, हे समजण्यासाठी थोडे मागे, समुद्रात जावे लागेल.

१८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी घातलेली पहिली तारायंत्राची तार काही आठवड्यांतच मुकी झाली. संदेश क्षीण येतात म्हणून व्हाइटहाउस या अधिकाऱ्याने तिला सुमारे दोन हजार व्होल्टचे धक्के दिले; आधीच दुबळी असलेली तार त्यामुळे आणखी लवकर मेली. पाठोपाठ तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत घातलेली तार १८६० मध्ये निकामी झाली. तिला सरकारने हमी दिली होती; बंद पडलेल्या तारेपायी दरवर्षी ३६,००० पौंड, तेही पन्नास वर्षे, मोजण्याची पाळी आली. मग चौकशी समिती बसली. तिच्यापुढे आलेली अडचण आज विचित्र वाटेल : तारेचा रोध किती, हे सांगायला सर्वमान्य एककच नव्हते. ओहमचा नियम १८२७ पासून पुस्तकात होता, पण प्रत्येक अभियंता आपापल्या तारेच्या तुकड्याशी तुलना करी.

१८६१ मध्ये मँचेस्टर येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या तारा घालणाऱ्या अभियंत्यांनी विद्युत एककांची आणि त्यांच्या नावांची योजना मांडली. त्याच वर्षी विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या पुढाकाराने समिती नेमली गेली. मॅक्सवेलही नंतर तिच्यात आले. १८६५ मध्ये रोधाची प्रमाणित वेटोळी तयार झाली आणि १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावे आंतरराष्ट्रीय ठरली. आपण फळ्यावर सहज लिहितो तो ओहम असा बिघाड शोधण्याच्या गरजेतून घडला.

या नव्या शिस्तीचा लाभ हिंदुस्थानला लगेच मिळाला. १८६४ मध्ये इराणच्या आखातात घातलेली तार क्लार्क-ब्राइट यांच्या देखरेखीखाली बनवताना तुकड्यातुकड्याने पाण्यात बुडवून मोजली गेली आणि ती टिकली. मुंबई ते सुएझ समुद्री तार १८७० मध्ये सुरू झाली. तळाशी तार कोठे फुटली हे किनाऱ्यावर बसून काढता येऊ लागले. दर मैलाला १० ओहम हे माहीत असेल आणि मोजमाप ७०० ओहम येत असेल, तर दोष ७० मैलांवर. प्रत्यक्षात फुटलेल्या जागेचा स्वतःचा रोधही त्यात मिसळतो; म्हणून दोन्ही टोकांकडून मोजणे किंवा व्हीटस्टन सेतूची वळसा-पद्धत वापरणे आवश्यक असे. बारावीच्या प्रयोगवहीतला मीटर सेतू याच सेतूचे सोपे रूप आहे.

आता आपल्या कारागिराकडे परत येऊ. समजा मोटरचा रोध, ती फिरू लागण्याच्या क्षणी, ६ ओहम आहे आणि गंजलेल्या जोडणीने ३ ओहम वाढवले आहेत. टोपण काढून मोजताना परिपथात मोटर नसते, मल्टिमीटर असतो. त्याचा रोध सुमारे एक कोटी ओहम. त्यापुढे ३ ओहम म्हणजे काहीच नाही, म्हणून पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. मोटर जोडली की एकूण रोध ९ ओहम होतो, प्रवाह २.१ ऐवजी १.४ अँपिअर उरतो, गंजात ४.२ व्होल्ट खर्च होतात आणि मोटरला ८.४ व्होल्ट मिळतात. तिची शक्ती २६ वॅटवरून १२ वॅटच्या खाली येते. काजळी धरलेली झडप एवढ्यात हलत नाही. म्हणून टोपण न काढता, मोटरला हुकूम देऊन, तिच्या दोन टोकांमधली व्होल्टता मोजायची. ती कमी भरली तर जोडणीच्या अलीकडे-पलीकडे मीटर धरायचा. अर्थिंगच्या बाजूलाही तसेच, कारण गंज तेथेच जास्त लपतो. धड जोडणीवर एका व्होल्टचा दहावा-पाचवा भागच खर्च व्हावा. काही गाड्यांत मोटरला हुकूम सलग नसून तुटक स्पंदांनी जातो. तेथे साधा मीटर सरासरीच दाखवतो आणि स्पंद पाहायला ऑसिलोस्कोप लागतो.

आमच्या प्रयोगशाळांतील परिपथ नेहमी धड असतात, ही आमची जुनी तक्रार आहे. जोडणी सैल निघाली तर आपण ती घाईने घट्ट करतो आणि पुढे जातो. शिकण्यासारखे तेवढ्यातच निसटते. त्यापेक्षा मुद्दाम बिघडलेला परिपथ द्यावा. दोन सेल, टॉर्चचा बल्ब, आणि एका जोडणीत तारेऐवजी दोन गंजलेले खिळे हलकेच टेकवलेले. बल्ब काढून त्याच्या जागी मीटर लावला की मुले तीन व्होल्टच्या आसपास आकडा वाचतात आणि सगळे ठीक असल्याचे सांगतात. मग बल्ब लावून खिळ्यांच्या दोन बाजूंना मीटर धरायला सांगावे. बल्ब मंद असेल, मीटरच्या काट्याने मोठी मजल मारलेली असेल. खिळे कानशीने घासून पुन्हा टेकवले, की काटा शून्याकडे सरकतो.