रायफलीचे मॅगझिन आणि कायद्याची चौकट

धर्माबाद : नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकावरील धर्माबाद मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. येथून तेलंगणातील बासर अवघ्या काही किलोमीटरवर आहे. शेती, नातेसंबंध आणि व्यापार या निमित्ताने सीमेपलीकडे ये-जा करणे हा येथील नित्याचा व्यवहार. परवानाधारक बंदूक जवळ असेल, तर मात्र हाच प्रवास कायद्याच्या कक्षेत येतो. शिवाय बंदुकीच्या मॅगझिनमध्ये वा अन्य भागात परस्पर फेरफार केलेला असेल, तर केवळ परवानाधारकच नव्हे, तर ते काम करून देणारा कारागीरही गंभीर गुन्ह्यात अडकू शकतो. म्हणूनच या विषयातील तरतुदी जाणून घेणे आवश्यक ठरते.

अमेरिकेत राज्यागणिक नियम

मॅगझिन म्हणजे बंदुकीत एकामागून एक काडतुसे पुरविणारा कप्पा. अमेरिकेतील काही राज्यांनी त्याच्या क्षमतेवर मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्नियात ती दहा काडतुसांची आहे. न्यू जर्सीने १९९० मध्ये पंधराची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये ती दहावर आणली. कोलोरॅडोने २०१३ मध्ये पंधराची मर्यादा स्वीकारली. संपूर्ण देशाला लागू असलेली दहा काडतुसांची मर्यादा १९९४ मध्ये आली आणि २००४ मध्ये मुदत संपल्याने रद्द झाली. त्यामुळे एका राज्यात वैध असलेले मॅगझिन शेजारच्या राज्यात अवैध ठरू शकते. यातूनच जास्त क्षमतेची मॅगझिन कायमची आखूड क्षमतेची करून घेण्याची पद्धत तेथे रूढ झाली. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही राज्य बदलताना हे नियम तपासावे लागतात.

भारतात विषय केंद्राचा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय केंद्रसूचीत आहे. त्यामुळे महाराष्ट्राचा एक आणि तेलंगणाचा दुसरा शस्त्र कायदा, अशी स्थिती नाही. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ देशभर लागू आहेत. परवाना देण्याचे काम जिल्ह्यात जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने करतात.

आपल्या कायद्याचा रोख काडतुसांच्या आकड्यापेक्षा शस्त्राच्या प्रकारावर आहे. चाप दाबून धरताच मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील, असे शस्त्र प्रतिबंधित आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर लष्करी काडतूस वापरता येणाऱ्या रायफलीही नियमांच्या परिशिष्टात कडक निर्बंधांच्या वर्गात मोडतात.

या निर्बंधाला ब्रिटिश राजवटीचा इतिहास आहे. लष्करी काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत, म्हणून सरकारने .३०३ बोअर नागरी वापरातून दूर ठेवला. त्यातून .३१५ बोअरची रायफल रूढ झाली. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणाऱ्या या रायफलीचे मॅगझिन पाच काडतुसांचे असते. कायद्याला जुळवून घेण्यासाठी आपल्याकडे मॅगझिन नव्हे, तर बंदुकीचा बोअरच बदलला, असे म्हणता येईल.

फेरफार कोणी करावा?

शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राच्या सुट्या भागांचाही समावेश होतो. शस्त्राची निर्मिती, रूपांतर आणि दुरुस्ती यांसाठी कलम ५ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. गावातील लेथ किंवा वेल्डिंगच्या दुकानात मॅगझिनचे काम करून घेणे त्यामुळेच धोक्याचे ठरते. बंदुकीची नळी आखूड करणे किंवा शस्त्र एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणे यावर कलम ६ अन्वये निर्बंध आहेत.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षेत मोठी वाढ झाली. विनापरवाना निर्मिती, रूपांतर वा दुरुस्तीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप, तर प्रतिबंधित शस्त्राच्या बाबतीत याच कृत्यांसाठी किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि दंड अशी तरतूद आहे. लग्नकार्यात किंवा मिरवणुकीत हर्षोल्हासाने गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवानाधारकांनी लक्षात ठेवावे

* एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. २०१९ पूर्वी ही मर्यादा तीन होती.
* परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. मुदत संपल्यावर नूतनीकरण न झालेले शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.
* परवान्यावर क्षेत्र नमूद असते. ते महाराष्ट्रापुरते असल्यास बंदूक घेऊन बासरला जाणेही अटींचा भंग ठरतो.
* काडतुसांची कमाल संख्या परवान्यावर नोंदलेली असते. मॅगझिन कितीही क्षमतेचे असले, तरी त्या संख्येपलीकडे साठा करता येत नाही.
* पीकरक्षणासाठी परवाना मिळाला, तरी रानडुक्कर वा नीलगाय मारण्याची मुभा आपोआप मिळत नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वेगळी परवानगी लागते.
* दुरुस्ती केवळ परवानाधारक व्यावसायिकाकडेच करावी आणि त्याची पावती जपून ठेवावी.

वडिलोपार्जित बंदुकीसोबत जुने किंवा बदल केलेले मॅगझिन घरात आढळल्यास ते परस्पर दुरुस्त करू नये, विकू नये किंवा फेकूनही देऊ नये. परवाना आणि शस्त्राची नोंद घेऊन जवळच्या पोलीस ठाण्याशी अथवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संबंधित शाखेशी संपर्क साधणे, हाच सुरक्षित मार्ग होय.