गुडघ्याचा तुटलेला बंध : शस्त्रक्रियेचीं सव्वाशे वर्षें

साताऱ्याच्या डोंगरांपासून सांगलीच्या कृष्णाकांठापर्यंत तालमींची परंपरा फार जुनी आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. सांगलीजवळील कवठेपिरानचे मारुती माने यांनीं १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. परंतु ज्या मातीनें असे मल्ल घडविले, त्याच मातींत कित्येकांचे गुडघेही गेले. पाय रोवलेला असतां अंग एकदम वळलें, कीं गुडघ्यांत कट्‌दिशीं आवाज होतो. सूज कांहीं आठवड्यांत उतरते. परंतु पुढें चालतां-वळतां गुडघा अकस्मात् निसटूं लागतो. पूर्वीं अशा मल्लास वस्ताद तेल चोळीत, हाडवैद्य पट्टा बांधीत, आणि ‘गुडघा गेला’ या दोन शब्दांत त्याच्या कुस्तीचा शेवट होई.

गुडघ्यांत नेमकें काय जातें? मांडीचें हाड आणि नळीचें हाड यांना जखडून ठेवणारे दोन बंध सांध्याच्या आंत फुलीसारखे एकमेकांस छेदून जातात. त्यांतील पुढचा तुटला म्हणजे नळीचें हाड पुढें सरकूं लागतें. मोडलेलें हाड सांधतें, मग हा बंध कां सांधूं नये? कारण असें कीं, सांध्यांतील वंगणासारख्या द्रवांत तुटलेल्या टोंकांमध्यें रक्ताची गुठळी टिकत नाहीं, आणि गुठळीवांचून तीं टोंकें बहुधा जुळत नाहींत.

डॉ. विल्यम वॅनलेस यांचें मिरजेचें मिशन रुग्णालय १८९४ सालीं उघडलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं मेयो रॉब्सन या शल्यवैद्यानें एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराचे तुटलेले दोन्ही बंध शिवले. सहा वर्षांनंतरही तो कामगार आपला पाय बळकट असल्याचें सांगत होता. १९०३ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि बंध शिवतां येतो अशी आशा उत्पन्न झाली. मात्र त्या आशेला आधार होता तो एका रुग्णाच्या साक्षीचा.

१९१७ सालीं ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌ज् यांनीं निराळा मार्ग धरला. मांडीवरील चिवट आवरणाची पट्टी घेऊन ती हाडांना पाडलेल्या भोंकांतून ओंवावयाची, म्हणजे जुना बंध न शिवतां नवा करावयाचा. तरीही शिवण्याची रीत पुढें अर्धें शतक चाललीच. तिची खरी परीक्षा अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यार्थ्यांवर झाली. आरंभीं समाधानकारक वाटलेले त्यांचे गुडघे पांच वर्षांनीं बहुतांशीं पुन्हां अस्थिर झाल्याचें फेगिन व कर्ल यांनीं १९७६ सालीं दाखविलें. तत्पूर्वीं, १९६३ सालीं, केनेथ जोन्स यांनीं गुडघ्याच्या वाटीखालील कंडऱ्याची पट्टी वापरली होती. पुढें मांडीच्या मागील कंडरेही वापरांत आले. १९८० सालीं इंग्लंडांत डेव्हिड डँडी यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें नवा बंध बसविला. त्या दशकांतील कृत्रिम धागे तुटले, त्यांनीं सांधा चिडविला. टिकले ते शरीराचेच कंडरे.

अशा रीतीनें निसटणारा गुडघा स्थिर झाला. परंतु वीस वर्षांनीं काय? स्वीडनमध्यें फुटबॉल खेळतांना हा बंध तुटलेल्या स्त्रियांची १२ वर्षांनीं तपासणी झाली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, सरासरी ३१ वर्षांच्या वयांत त्यांच्यापैकीं ५१ टक्क्यांच्या गुडघ्यांत झिजेचा संधिवात क्ष-किरणांनीं दिसला. आणि शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या यांच्यांत या बाबतींत फरक आढळला नाहीं. याचें एक कारण असें कीं, बंध तुटतांना हाडांवरील कूर्चेला मार बसतो, पुष्कळदां गादीही फाटते. नवा दोर बांधल्यानें तो मार पुसला जात नाहीं.

मग शस्त्रक्रिया व्यर्थ काय? तसें मुळींच नाहीं. स्वीडनमधील १२१ तरुणांच्या प्रयोगांत ज्यांना आधीं व्यायामोपचार दिले, त्यांच्यापैकीं सुमारें निम्म्यांना पांच वर्षांतही ही शस्त्रक्रिया लागली नाहीं, व त्या गटाची स्थिति लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांहून वाईट नव्हती. उलट, ज्यांचा गुडघा दीर्घकाळ निसटत राहिला, त्यांना शस्त्रक्रियाच अधिक उपयोगी पडते, असें ब्रिटनमधील २०२२ च्या निष्कर्षांवरून दिसलें. आपल्या खेड्यांतील मल्ल पुष्कळदां याच दुसऱ्या वर्गांत मोडतो.

आज ही शस्त्रक्रिया सांगली-मिरजेस आणि कऱ्हाडासही होते. तिच्यासाठीं एखादें शेतकरी कुटुंब म्हैस विकतें, कर्ज काढतें, आणि जत्रेच्या फडापूर्वीं मुलगा उभा राहावा अशी उतावीळ करतें. नऊ महिन्यांच्या आंत खेळांत परतणारास पुन्हां दुखापतीचा धोका फार असतो, हें त्या घरास आधींच कळलें पाहिजे. शस्त्रक्रियेनें पाय स्थिर होतो. गुडघा पूर्वीसारखा नवा होत नाहीं. मांडीचे स्नायु बळकट ठेवणें, वजन आटोक्यांत ठेवणें, हें कुस्ती सुटल्यावरही जन्मभर करावयाचें काम आहे. मुलाला पुन्हां लंगोट केव्हां चढवितां येईल, हें घरचीं माणसें डॉक्टरांना विचारतातच. चाळिशींत शेताचा बांध चढतांना हा पाय कसा असेल, हेंही त्यांनीं त्याच बैठकींत विचारावें.