जप्तीचं साल

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘जप्तीचं साल’ सारखं यायचं. थोरली आत्या जप्तीच्या सालानंतरची, परड्यातली चिंच त्याच्या आधीची. १९३० नंतरच्या मंदीतलं ते साल. ज्वारीला भाव नव्हता आणि सुप्याजवळच्या आमच्या गावात व्याज मात्र चढतच होतं.

खळं उरकलं आणि बेलीफ आला. पोती नेली, लिलाव झाला, पैसे सावकाराच्या हाती पडले. पंधरा दिवसांनी तो परत आला आणि बैलजोडी सोडून घेऊन गेला. “मामंजी रिकाम्या गव्हाणीत हात घालून उभे होते,” आजी सांगायची. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची नवी सून.

त्या रात्री तिच्या आजेसासूनं सुप्याच्या बाजाराची गोष्ट काढली. १२ मे १८७५. म्हातारी तेव्हा परकरी पोर होती. लोकांनी सावकारांच्या घरांतून खतं नि वह्या ओढून काढल्या आणि पेटवल्या. जळक्या कागदाचे कपटे तिनं अंगावर झेलले होते. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं साधं खत तीन वर्षांत बाद व्हायचं, म्हणून सावकार दर खेपेला व्याज मुद्दलात घालून नवं खत करायचा आणि कुणबी त्याखाली नांगराची निशाणी काढायचा. काय लिहिलंय ते त्याला कुणी वाचून दाखवत नसे. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, चौकशीसाठी कमिशन बसलं आणि १८७९मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला. त्यानं पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद केलं, आणि न्यायाधीशानं खताच्या मागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासावा असं ठरवलं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढं याच कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केलं. त्या आगीवाचून हे झालं असतं, असं मला वाटत नाही.

मामंजींनी आगपेटी उचलली नाही. बैल नव्हते, म्हणून केडगाव स्टेशनापर्यंत पायी गेले आणि पुण्यात वकील गाठला. पाचशेच्या वर देणं असेल तर १९२०च्या कायद्यानं नादारीचा अर्ज करता येतो, हे त्यांना तिथं कळलं.

त्यांनी अर्ज केला आणि बैल सुटले. शेतकऱ्याची अवजारं, लागणारी जनावरं, स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, बाईचं मंगळसूत्र यांवर जप्ती येत नाही. बेलीफानं बैल न्यायलाच नको होते. ज्वारीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. कोर्टानं अर्ज दाखल करून घेण्याआधी लिलावातून जे वसूल झालं, ते त्या सावकाराचंच राहतं. तोपर्यंत माल कोर्टाच्या ताब्यात नुसता पडून असता, तर तो कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडे आला असता. पंधरा दिवसांच्या उशिरानं पोती घालवली, हे मामंजी मरेपर्यंत बोलून दाखवत.

आणि पाटल्या. अर्जाच्या महिनाभर आधी मामंजींनी आजीच्या सासूच्या पाटल्या उतरवून एका भाऊबंदाला दिल्या होत्या. त्याचंही देणं होतं आणि इतरांच्या आधी त्याचं फिटावं, असं त्यांना वाटत होतं. पण नादार माणसानं अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला असं झुकतं माप दिलं तर कायदा तो व्यवहार मोडतो. रिसीव्हरनं पाटल्या परत मागवल्या. त्या घरी आल्या नाहीत, सगळ्या धनकोंच्या वाटणीत गेल्या. भाऊबंदानं बोलणं टाकलं, आणि आजीच्या सासूनं पुढं कधी हातात सोनं घातलं नाही. कायदा इथं बरोबर होता असं मला आज वाटतं. आजीला ते कधी पटलं नाही.

महाराष्ट्रात मुंबईबाहेर साध्या माणसाच्या नादारीला अजूनही तोच १९२०चा कायदा लागतो. जमिनीसाठी इथं २०१४चा सावकारी कायदा आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून बळकावलेली जमीन, वरवर खरेदीखत झालेलं असलं तरी, परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मुदत पंधरा वर्षांची. तुमच्या घरच्या ट्रंकेत असं एखादं खरेदीखत असेल, तर आजच काढा आणि त्यावरची तारीख बघा.