रेल्वेचा शिक्का खरा की खोटा? साधनचिकित्सेचा एक छोटा धडा

समजा, रेल्वेमुळे टपाल किती जलद झालं, यावर तुम्ही संशोधन करताय. हाती एक जुनं पाकीट येतं. व्हिक्टोरिया राणीचं अर्ध्या आण्याचं तिकीट, त्यावर धावत्या गाडीतल्या टपाल कचेरीचा शिक्का आणि साल १८५९. एवढ्या पुराव्यावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं राहू शकतं, आणि शिक्का बनावट निघाला तर कोसळूही शकतं. मग तपासायचं कसं?

आधी तारखांचा मेळ घाला. भारतभर चालणारी तिकिटं १८५४ मध्ये आली. म्हणजे तिकीट आपल्याला फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतं. ते पुढे कितीही वर्षांनी वापरलेलं असू शकतं. आता रेल्वेकडे वळा. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली हे खरं, पण गाडीने थैल्या नेणं वेगळं आणि गाडीतच पत्रांची वर्गवारी करणं वेगळं. ही वर्गवारी भारतात सुरू झाली ती १८६३ मध्ये, अलाहाबाद-कानपूर मार्गावर. बोरघाटातला लोहमार्गही १८६३ चाच. त्यामुळे १८५९ हे साल इथे बसत नाही.

पण लगेच 'खोटा' म्हणून मोकळे होऊ नका. भिंग घ्या आणि बघा, तो अंक ५ आहे की पुसट ६? १८६९ असेल तर सगळं नीट जुळतं!

दुसरी गोष्ट, शाई. शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलाय का? तिकिटाच्या काठाशी तो तुटत असेल, तर तिकीट नंतर चिकटवलेलं असू शकतं. तिकीट फाटलंय आणि शाई फाटलेल्या कडेच्या आत झिरपलीय? मग शिक्का फाटल्यानंतर मारलाय. म्हणूनच तिकीट पाकिटावरून सोडवू नये. अर्धा पुरावा तिथेच संपतो.

तिसरी गोष्ट, अक्षरं. इंग्रजांच्या काळात शहराचं अधिकृत इंग्रजी नाव 'कॉनपोर' होतं. 'कानपूर' हे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचं. व्हिक्टोरियाच्या तिकिटावर नवं स्पेलिंग दिसलं तर सावध व्हा. त्याच मार्गाचे, त्याच काळातले खात्रीचे शिक्के शेजारी ठेवून अक्षरांची उंची आणि वर्तुळाचा व्यास मोजा.

शेवटी पाकीट उलटं करा. मागे पोहोचल्याचा शिक्का असेल, तर दोन तारखांमधलं अंतर त्या प्रवासाला शोभतं का?

एक लक्षात असू द्या. तिकीट अस्सल असूनही शिक्का बनावट असू शकतो. कारण काही तिकिटांना कोऱ्यापेक्षा वापरलेल्या अवस्थेत, विशेषतः दुर्मीळ शिक्क्यासह, जास्त भाव मिळतो. त्यामुळे दोन्हींचा निकाल वेगवेगळा लिहा. आणि निकाल तीन प्रकारचे असतात बरं का: खरा, खोटा आणि 'या पुराव्यावर सांगता येत नाही'. तिसरा निकाल लिहायला कचरू नका. फक्त त्या पाकिटावर मग प्रकरण उभं करायचं नाही.