नोल्दोर राजकुल : वंशरचना व वारसा

जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) या इंग्रज भाषापंडित व लेखकाने कल्पिलेल्या एल्फ समाजातील नोल्दोर शाखेचे राजघराणे. मूळपुरुष फिनवे. घराण्याची हकीकत मुख्यतः ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) या ग्रंथात येते. लेखकाच्या निधनानंतर त्याचा मुलगा क्रिस्टोफर टोल्कीन (१९२४–२०२०) याने तो संपादित केला. वारशाच्या अभ्यासाला लागणारी कागदपत्रे मात्र त्याच्याच बारा खंडांच्या मालिकेतील दहाव्या (१९९३) व बाराव्या (१९९६) खंडांत विखुरलेली आहेत. एल्फ वार्धक्याने वा रोगाने मरत नाहीत. मरण येते ते शस्त्राने किंवा शोकाने. त्यामुळे राजामागे गादी कोणाची, याचा लेखी नियम या समाजाने केलेला दिसत नाही. जो काही क्रम दिसतो तो घडलेल्या प्रसंगांवरून लावावा लागतो.

कुलरचना : फिनवेला मीरिएलपासून फेआनोर आणि दुसरी पत्नी इंदिस हिच्यापासून फिंगोल्फिन व फिनार्फिन हे मुलगे झाले. उत्तरकालीन लेखनात इंदिसला दोन मुलीही आहेत. फेआनोरची थोरली पाती आणि सावत्र भावांच्या दोन धाकट्या पात्या, अशी ही तीन अंगे होत. एल्फ दांपत्यांना मुले थोडी होतात. फेआनोरचे सात मुलगे हा अपवाद. चुलत-आते-मामे भावंडांत विवाह निषिद्ध होता.

पुनर्विवाहाचा निवाडा : या घराण्यासंबंधी सर्वांत तपशीलवार कागद आहे तो वारशाचा नव्हे, विवाहाचा. फेआनोरच्या जन्मानंतर मीरिएलची जीवनेच्छाच संपली व तिने देह सोडला. मृत एल्फांचे आत्मे मृतांचा रक्षक मांदोस याच्या सदनात जातात व तेथून पुन्हा देह धारण करू शकतात. म्हणजे मृत्यूने विवाह संपत नाही. परतायला मीरिएल तयार नव्हती, आणि फिनवेला आणखी संतती हवी होती. प्रकरण वालार या देवतुल्य सत्तांच्या सभेपुढे गेले. मान्वे, औले, उल्मो, यावान्ना, निएन्ना यांनी त्यावर मते मांडली. दोष कोणाचा यावर एकमत झाले नाही. अखेर ठरले ते असे : मृत जोडीदार स्वेच्छेने कायमचा परतणार नसेल, तरच मांदोसच्या उच्चारित निर्णयाने विवाह विसर्जित होईल, तसा निर्णय झाल्यावर त्याला परतीची वाट बंद होईल, कारण एका पुरुषाला दोन जिवंत पत्नी असू शकत नाहीत. फिनवे मारला गेल्यावर त्याने आपण परतणार नाही असे मान्य केले, तेव्हा मीरिएलला देह परत मिळाला; पुढे ती वालारांपैकी विणकर वैरे हिच्या घरी नोल्दोरांचा इतिहास विणत राहिली. धाकट्या दोन्ही पात्यांचे औरसत्व या एका निवाड्यावर उभे आहे. फेआनोरला तो विवाह कधीच रुचला नाही, आणि पुढच्या भाऊबंदकीचे मूळ तेथे शोधावे लागते. १९७७च्या ग्रंथात या साऱ्याचा केवळ त्रोटक उल्लेख आहे.

राजपदाचा क्रम : फेआनोरने फिंगोल्फिनवर तलवार उपसली म्हणून त्याला बारा वर्षांची हद्दपारी झाली. फिनवे थोरल्या मुलाबरोबर गेला आणि नोल्दोरांची नगरी तिरिओन हिचा कारभार फिंगोल्फिनकडे आला. फिनवेचा वध होताच फेआनोरने राजपदावर हक्क सांगितला. तिरिओनमधील बहुसंख्य मात्र फिंगोल्फिनच्या मागे राहिले. नोल्दोर मध्यभूमीकडे निघाले तेव्हा फिनार्फिन वाटेतून परतला व मायदेशी उरलेल्यांचा राजा झाला, म्हणजे येथून गाद्याही दोन झाल्या.

मध्यभूमीत पोहोचल्यावर फेआनोर लवकरच पडला. त्याचा ज्येष्ठ पुत्र माएध्रोस शत्रूच्या कैदेत होता. त्याला फिंगोल्फिनचा मुलगा फिंगोन याने सोडवले. माएध्रोसने त्यानंतर राजपदावरील हक्क फिंगोल्फिनच्या बाजूने सोडला. उपकाराची फेड हे कारण पुरेसे वाटते, पण त्याने पुढे केलेला आधार वेगळा होता : फिनवेच्या कुळातील हयात ज्येष्ठ तोच. नोल्दोरांच्या इतिहासात वारशाचे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडल्याचा एवढाच प्रसंग आढळतो. माएध्रोसच्या सर्व भावांना हा निर्णय मनापासून मान्य नव्हता. फेआनोरचे कुळ तेव्हापासून ‘वंचित’ म्हणून ओळखले गेले.

पुढे फिंगोल्फिन (मृत्यू पहिल्या युगाचे ४५६), मुलगा फिंगोन (४७२) व फिंगोनचा भाऊ तुर्गोन (५१०) हे क्रमाने राजे झाले. तुर्गोनला इद्रिल ही एकच मुलगी. तिचा मुलगा एआरेंदिल हयात असूनही राजपद दौहित्राकडे गेले नाही, गिल-गालादकडे गेले. फिनार्फिनची मुलगी गालाद्रिएल हीही तेव्हा मध्यभूमीत होती. यावरून स्त्रीमार्फत नोल्दोरांचे राजपद उतरत नसे, असे अनुमान निघते. मजकुरात तसा नियम नाही.

गिल-गालादचे पितृत्व : छापील ग्रंथात तो फिंगोनचा मुलगा आहे. हे खरे धरले, तर मुलाला डावलून भाऊ तुर्गोन गादीवर कसा आला, हा प्रश्न उरतो. बालवय हे कारण सुचवता येते, मात्र ग्रंथात ते दिलेले नाही. क्रिस्टोफर टोल्कीनने हा संपादकीय निर्णय चुकीचा होता असे पुढे स्वतःच मान्य केले. लेखकाच्या अखेरच्या टिपणांनुसार गिल-गालाद ओरोद्रेथचा मुलगा, आणि ओरोद्रेथ हा फिनार्फिनपुत्र आंग्रोदचा. ही वंशावळ घेतली की अडचण सरते : फिंगोल्फिनची पुरुषशाखा खुंटल्यावर राजपद धाकट्या पातीकडे वळले. फेआनोरचा नातू केलेब्रिंबोर तेव्हा हयात होता, पण त्याचे कुळ हक्क सोडून बसलेले. गिल-गालाद दुसऱ्या युगाच्या ३४४१व्या वर्षी पडला. त्यानंतर मध्यभूमीत नोल्दोरांचा सर्वोच्च राजा झाला नाही.

नावे व हक्क : प्रत्येकाला वडिलांनी दिलेले व आईने दिलेले अशी दोन नावे असत. फिनवेने मुलांच्या नावांत आपलेच नाव गुंफले : कुरुफिनवे (फेआनोर), नोलोफिनवे (फिंगोल्फिन), आराफिनवे (फिनार्फिन). फिनवेच्या मृत्यूनंतर नोलोफिनवेने आपल्या नावाआधी आणखी एकदा वडिलांचे नाव जोडले, ते सर्व नोल्दोरांच्या नेतृत्वावरील दावा म्हणून. फेआनोरच्या पक्षाला त्याचा संताप आला. आज रूढ असलेले फिंगोल्फिन हे रूप त्या जोडनावाचे आहे.

तुर्गोनच्या गोंडोलिन नगरीतील बारा घराणी : राजा, पंख, छछुंदर, सोनफूल, कारंजे, वीणा इ. तपशील १९१६–१७च्या लेखनातला. ही रक्ताच्या नात्याची कुळे असण्यापेक्षा निशाणाखालची पथके असावीत.

कुलचिन्हे : टोल्कीनने स्वतः रेखाटलेली. पुरुषांची समभुज चौकटीत, स्त्रियांची वर्तुळात, घराण्याची चौरसात.

अन्य एल्फ कुले : दोरिआथमध्ये राजा थिंगोलनंतर राज्य त्याची मुलगी लूथिएन हिचा मुलगा दिओर याच्याकडे, म्हणजे दौहित्राकडे गेले. मिर्कवुडमध्ये ओरोफेरनंतर मुलगा थ्रांदुइल.